चेकबॉक्सवर टिक होते, मग तो वापरता का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोंदणी फॉर्मवरचे चेकबॉक्स डिझायनरने नव्याने सजवले. माउसने टिक होते, माहिती सर्व्हरवर नीट पोचते, स्वयंचलित तपासणीतही फारसं काही निघालं नाही. तरी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या एका व्यक्तीने कळवलं की फॉर्मवर चेकबॉक्सच सापडत नाहीत. मोबाइलवरून काही जण म्हणतात की कितीही बोट टेकवलं तरी टिक होत नाही. एवढ्याशा चौकोनात बिघडण्यासारखं असतं तरी काय, आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी?

अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: डोळ्याला दिसणारा चौकोन एक आणि ब्राउझरला माहीत असलेला चेकबॉक्स दुसराच. दोघांची फारकत झाली की माउसवाल्याला काही जाणवत नाही, बाकी सगळ्यांना जाणवतं. म्हणून आधी माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत फॉर्मभर फिरा. चेकबॉक्सवर फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, येतोय का, आलेला दिसतोय का, स्पेसबारने टिक होते आणि निघते का, एवढंच पाहा. या फेरीतच बरंचसं निदान होऊन जातं.

ब्राउझरचा मूळ चेकबॉक्स, म्हणजे टाइप चेकबॉक्स असलेला साधा इनपुट टॅग, दिसायला गरीब असला तरी पुष्कळ कामं फुकटात करतो. तो टॅबच्या रांगेत आपोआप बसतो. स्पेसबारने बदलतो. लेबलवर, म्हणजे त्याला जोडलेल्या शेजारच्या मजकुरावर, क्लिक केलं तरी बदलतो. आपण चेकबॉक्स आहोत, आपलं नाव अमुक, आणि सध्या टिक आहे की नाही, हे सगळं तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या ॲक्सेसिबिलिटी यंत्रणेला कळवतो. स्क्रीन रीडर तिथूनच वाचतो. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, निकष ४.१.२ ‘नाव, भूमिका, मूल्य’ या तीन गोष्टी मागतो. मूळ इनपुटला नीट लेबल दिलं की तो निकष तिथल्या तिथे पुरा होतो, जावास्क्रिप्टची एक ओळही लिहावी लागत नाही.

आता सजावट कशी होते ते पाहा. मूळ चौकोनाचं रंगरूप बदलणं पूर्वी जवळपास अशक्य होतं. म्हणून एक युक्ती रूढ झाली. इनपुट लपवायचा, त्याच्या शेजारी एक स्पॅन, म्हणजे नुसता सजावटीचा रिकामा टॅग, ठेवायचा आणि इनपुट ‘चेक्ड’ असेल तर स्पॅनवर टिक रंगवायची. युक्ती वाईट नाही, घात होतो तो लपवण्याच्या पद्धतीत. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘डिस्प्ले नन’ किंवा ‘व्हिजिबिलिटी हिडन’ लिहिलं की इनपुट केवळ नजरेआड होत नाही, सगळ्यांसाठीच नाहीसा होतो. टॅब त्याच्यावर थांबत नाही, स्क्रीन रीडरला तो मिळत नाही. लेबलवर क्लिक केलं की मात्र टिक झोकात उमटते, कारण लेबल असं लपवलेल्या इनपुटलाही चालू-बंद करतं. त्यामुळे बनवणाऱ्याला कधी शंकाच येत नाही. तुमची पहिली तक्रार बहुधा याच घरातली आहे. इनपुटवरचं सीएसएस उघडून बघा.

हे कळल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. इनपुट एका पिक्सेलचा करून कापून टाकायचा, म्हणजे ‘व्हिज्युअली हिडन’ नावाने जो क्लास सगळीकडे फिरतो तो लावायचा. कीबोर्डपुरता हा उपाय चालतो. पण मोबाइलवर दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीनवर बोट फिरवत शोध घेते, आणि बोटाखाली जे येईल ते फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक, बोलून दाखवतो. बोट चौकोनावर आलं तर तिथे असतो रिकामा स्पॅन. खरा इनपुट एक पिक्सेलचा होऊन भलत्याच कोपऱ्यात बसलेला. तो बोटाला सापडणार कसा? त्यापेक्षा इनपुट चौकोनाच्या जागीच, तेवढाच किंवा थोडा मोठा ठेवावा, थरांमध्ये सगळ्यात वर आणावा आणि ओपॅसिटी शून्य करावी. तो दिसणार नाही, पण जागेवर राहील. बोट, माउस, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर सगळ्यांना मिळेल.

नवीन काम असेल तर मी एवढाही खटाटोप करणार नाही. फक्त ब्रँडचा रंग हवा असेल तर सीएसएसमधलं ‘ॲक्सेंट-कलर’ पुरतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते २०२१ मध्ये आलं, सफारीत २०२२ मध्ये. त्यात टिकेचा रंग पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा ब्राउझर स्वतः निवडतो. पूर्ण वेगळं रूप हवं असेल तर इनपुटवरच ‘अपिअरन्स नन’ लावून, म्हणजे ब्राउझरचं मूळ रूप काढून टाकून, त्याच्याच बॉर्डरने चौकोन काढता येतो. लपवाछपवी नाही, शेजारचा स्पॅन नाही. नुसत्या चेकबॉक्ससाठी लायब्ररी आणणाऱ्या टीमला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की यातलं काय कमी पडलं? उत्तर बहुतेक वेळा ‘टिक उमटतानाचं ॲनिमेशन’ असं येतं, आणि तेही याच पद्धतीने होतं.

रंगवतानाही काही खाचखळगे आहेत. टिकेचं चिन्ह सीएसएसच्या ‘आफ्टर’मधून अक्षर म्हणून टाकलं आणि ते लेबलच्या पोटात असलं, तर ते नावात मिसळतं. मग स्क्रीन रीडर ‘चेक मार्क अटी मान्य आहेत, चेकबॉक्स, चेक्ड’ असं काहीतरी बोलतो. आयकॉन फॉन्ट वापरला असेल तर कधी भलतंच अक्षर ऐकू येतं. टिक अक्षराने काढण्याऐवजी छोट्या आयताच्या दोन कडांना बॉर्डर देऊन तो तिरका फिरवला की हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक फायदा त्याचाच. विंडोजमध्ये ज्यांनी कॉन्ट्रास्ट थीम चालू केलेली असते, त्यांच्याकडे ब्राउझर पानाचे रंग बाजूला सारून त्या व्यक्तीने निवडलेले रंग लावतो. पार्श्वभूमीचा रंग बदलतो, बॉक्स-शॅडो जाते. ‘टिक केली की चौकोन निळा भरायचा’ एवढ्यावरच ज्यांची रचना उभी आहे, त्यांचे भरलेले आणि रिकामे चौकोन तिथे अगदी सारखे दिसतात. बॉर्डरने काढलेली टिक मात्र टिकून राहते. फोकसचंही तसंच. अनेकांनी ‘आउटलाइन नन’ करून बॉक्स-शॅडोने सुंदर वलय काढलेलं असतं. या मोडमध्ये ते वलय गायब होतं आणि फोकस कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. आउटलाइन काढून न टाकता पारदर्शक ठेवा. साध्या मोडमध्ये ती दिसणार नाही आणि या मोडमध्ये ब्राउझर तिला आपोआप रंग देईल. छपाईतही हाच घोळ होतो. ब्राउझर ठरलेल्या सेटिंगप्रमाणे पार्श्वभूमीचे रंग छापत नाही. फॉर्म भरून प्रिंट काढली की सगळे चौकोन रिकामे, आणि त्याच कागदावर पुढे सही होणार असते.

कॉन्ट्रास्टचा आकडा एकदा पाठ करून टाका. चौकोनाची कड आणि आतली टिक, दोन्हींचा शेजारच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट निदान ३:१ हवा. निकष १.४.११, २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये आलेला. डिझायनरांना प्रिय असलेला फिकट राखाडी, म्हणजे हेक्समध्ये (रंगाच्या सहा अक्षरी कोडमध्ये) सहा वेळा ‘सी’ लिहिल्यावर येतो तो, पांढऱ्यावर १.६:१ च्या आसपास पडतो. ९४९४९४ हा राखाडी जेमतेम ३:१ पार करतो. त्याहून फिकट कड ठेवायची असेल तर ती शोभेची समजा, चेकबॉक्सची नव्हे.

कधी कधी जुन्या सिस्टीममध्ये डिव्हचाच, म्हणजे साध्या डब्यासारख्या टॅगचाच, चेकबॉक्स केलेला असतो आणि तो बदलायची मुभा नसते. मग मूळ इनपुट जे फुकट देत होता ते एकेक करून हाताने द्यावं लागतं. रोल चेकबॉक्स, टॅबइंडेक्स शून्य, टिक बदलेल तसं एरिया-चेक्ड (टिक आहे की नाही हे स्क्रीन रीडरला सांगणारा गुणधर्म) बदलणं. स्पेसबार ऐकायचा आणि त्याच वेळी स्पेसने पान खाली सरकतं ते रोखायचं. लेबल टॅग डिव्हला लागू होत नाही, म्हणून नाव एरिया-लेबल्डबायने, म्हणजे पानावरच्या दुसऱ्या मजकुराकडे बोट दाखवून, द्यायचं आणि लेबलवरच्या क्लिकची सोय वेगळी करायची. फॉर्मबरोबर मूल्य जावं म्हणून हिडन इनपुट निराळाच. एंटरने टिक व्हायला हवी असा काहींचा आग्रह असतो, त्याची गरज नाही. मूळ चेकबॉक्सही एंटरने बदलत नाही, उलट तिथे एंटर दाबलं तर फॉर्मच सबमिट होऊ शकतो. या सगळ्यात हमखास राहून जातं ते एरिया-चेक्ड बदलणं. चित्रात टिक आहे आणि स्क्रीन रीडर ‘नॉट चेक्ड’ म्हणतोय, अशा वेळी माणूस पुन्हा स्पेस दाबतो आणि झालेली टिक काढून टाकतो. मुका चेकबॉक्स एक वेळ परवडला, खोटं बोलणारा नको.

आता मोबाइलची तक्रार. आकार हे पहिलं कारण सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. ब्राउझरचा मूळ चौकोन डेस्कटॉपवर साधारण १३ पिक्सेलचा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ च्या निकष २.५.८ प्रमाणे स्पर्शाचं लक्ष्य किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवं, किंवा आजूबाजूला तेवढी मोकळीक हवी; वरच्या एएए पातळीवर अपेक्षा ४४ ची आहे. पण यासाठी चौकोन फुगवायची गरज नाही. लेबल इनपुटला जोडलेलं असेल तर तेही लक्ष्याचाच भाग असतं. लेबलला भरपूर पॅडिंग द्या, पूर्ण ओळ टेकवण्याजोगी करा. हात थरथरणाऱ्या माणसाला याचा जेवढा उपयोग होतो, तेवढाच चालत्या गाडीत एका हाताने फॉर्म भरणाऱ्याला होतो.

चौकोन आणि लेबल यांच्यामधली मोकळी जागा मात्र बारकाईने बघा. इनपुटला उजवीकडे मार्जिन आणि मग वेगळं लेबल, अशी रचना असेल तर मधली आठ-दहा पिक्सेलची पट्टी मेलेली असते. तिथे बोट पडलं तर ना इनपुटला कळतं ना लेबलला. बोट नेमकं तिथेच पडतं. मार्जिनऐवजी लेबललाच डावीकडे पॅडिंग द्या, किंवा इनपुट लेबलच्या आत ठेवा, की ही पट्टी जिवंत होते.

‘कितीही बोट टेकवलं तरी’ ही तक्रार मात्र निव्वळ आकाराची वाटत नाही. त्यासाठी दोन गोष्टी तपासा, कारण दोन्ही फार वेळा आढळतात आणि दोन्ही डेस्कटॉपवर दिसत नाहीत. पहिली, तोच आयडी, म्हणजे पानावरच्या घटकाची एकमेव ओळख, दोनदा. पानावर फॉर्मच्या दोन प्रती असतात, एक मोठ्या स्क्रीनसाठी आणि एक लहान, आणि सीएसएस त्यातली एक लपवतं. दोन्हींत चेकबॉक्सचा आयडी एकच. लेबलचं ‘फॉर’, म्हणजे ते कुठल्या आयडीचं आहे हे सांगणारा गुणधर्म, पानाच्या कोडमध्ये जो पहिला सापडेल त्याला जाऊन चिकटतं. मोबाइलवर तुम्ही दिसणाऱ्या लेबलवर बोट टेकवता आणि टिक होते ती लपलेल्या डेस्कटॉप प्रतीत! दिसणारा चौकोन ढिम्म हलत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तो आयडी किती वेळा आलाय ते मोजा, लगेच कळेल.

दुसरी गोष्ट, दुहेरी क्लिक. मोबाइलवर सोय म्हणून कुणीतरी पूर्ण ओळीला क्लिक हँडलर लावतो: ओळीवर टॅप झालं की टिक उलटव. त्या ओळीत लेबलही असतं. लेबलवर टॅप झालं की ब्राउझर इनपुटसाठी आणखी एक क्लिक स्वतः तयार करतो, आणि तो क्लिकही वर चढत ओळीपर्यंत येतो. उलटवणं एकाऐवजी अनेकदा होतं, टिक होते आणि त्याच क्षणी निघते; कधी चौकोन लुकलुकतो, कधी तेही नाही. ओळीवरचा हँडलर काढा आणि लेबललाच ओळभर पसरवा. कोडमध्ये क्लिकऐवजी इनपुटचा ‘चेंज’, म्हणजे स्थिती बदलल्याची सूचना, ऐका.

लेबलबद्दल आणखी थोडं, कारण सगळ्यात जास्त पडझड तिथेच आहे. वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं स्वयंचलित पद्धतीने तपासली, तेव्हा ४८.६ टक्के पानांवर लेबल नसलेले इनपुट निघाले. आणि लेबल असून बिनकामाचं असणं वेगळंच, ते यात मोजलेलं नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे चेकबॉक्स आणि सगळ्यांचं नाव ‘निवडा’, हे टूलच्या दृष्टीने पास आहे. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरमध्ये एक्स दाबलं की माणूस थेट पुढच्या चेकबॉक्सवर उडी मारतो, मधला मजकूर ऐकतच नाही. त्याला ‘निवडा, निवडा, निवडा’ एवढंच ऐकू येणार. टेबलात असेल तर ओळीतल्या मुख्य रकान्याच्या मजकुराला एरिया-लेबल्डबायने जोडा, म्हणजे नाव आपोआप वेगळं होतं.

एरिया-लेबल, म्हणजे पडद्यावर न दिसणारं नाव, देताना एक पथ्य पाळा. पडद्यावर जे शब्द आहेत ते नावात असलेच पाहिजेत. आवाजाने संगणक चालवणारी व्यक्ती जे वाचते तेच बोलते. पडद्यावर ‘बातमीपत्र हवं’ आणि एरिया-लेबलमध्ये ‘सदस्यत्व पर्याय’ असं असलं, तर तिने कितीही स्पष्ट उच्चार केला तरी टिक होणार नाही.

अटींचा दुवा लेबलच्या आत घालू नये असं माझं मत आहे, सर्रास घातला जात असला तरी. दुव्यावर बोट पडलं की टिक न होता पान बदलतं, आणि परत आल्यावर भरलेला फॉर्म शिल्लक असेलच असं नाही. शिवाय चेकबॉक्सचं नाव म्हणून तो मजकूर वाचला जातो तेव्हा त्यात दुवा आहे हे कळत नाही. दुवा चेकबॉक्सच्या आधी, वेगळ्या ओळीत ठेवावा. वाचायचं आधी, मान्य करायचं नंतर, हा क्रमही बरोबर आहे.

सुटे चेकबॉक्स एकत्र आले की गटाचा प्रश्न येतो. ‘ईमेल’, ‘एसएमएस’, ‘फोन’ असे तीन चौकोन आणि वर ठळक अक्षरांत ‘तुम्हाला कसं कळवावं?’ डोळ्याने बघणाऱ्याला संबंध लगेच लागतो. स्क्रीन रीडरवर मात्र ‘ईमेल, चेकबॉक्स’ इतकंच. ईमेल कशासाठी? फिल्डसेट या टॅगमध्ये गट बांधा आणि तो प्रश्न लेजंडमध्ये, म्हणजे गटाच्या शीर्षकात, घाला, की गटात शिरताना तो एकदा ऐकू येतो. लेजंड आटोपशीर असावा. पूर्ण परिच्छेद त्यात कोंबला तर काही स्क्रीन रीडर तो पुन्हा पुन्हा ऐकवतात. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ ही सूचना अनावश्यक वाटते, पण ठेवा. चौकोन म्हणजे अनेक आणि गोल म्हणजे एकच, हा संकेत आपल्या धंद्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि गोलाला चौकोनाचं रूप देणाऱ्या डिझायनरला तर फॉर्मपासून लांबच ठेवावं.

मांडणीत उभी यादी बरी. आडव्या ओळीत ‘चौकोन मजकूर चौकोन मजकूर’ असं आलं की मधला चौकोन डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, हे ओळखताना डोळस माणूसही अडखळतो. चौकोन मजकुराच्या सुरुवातीलाच ठेवा. मोबाइल ॲपच्या धर्तीवर तो पार उजव्या कडेला नेला, तर स्क्रीन मोठी करून तुकड्या-तुकड्याने वाचणाऱ्याला मजकूर दिसतो, चौकोन दिसतच नाही. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीमनेही चौकोन डावीकडे ठेवायला सांगितलंय ते याच कारणाने.

गटातलं निदान एक तरी निवडायलाच हवं, असं एचटीएमएलमध्ये सांगण्याची सोय नाही. ‘रिक्वायर्ड’ प्रत्येक चेकबॉक्सवर सुटं लागतं. सगळ्यांवर लावलं तर सगळेच निवडावे लागतील. म्हणजे तपासणी स्वतः लिहावी लागते. चूक सांगणारा संदेश गटाजवळ, शब्दांत, लिहा. नुसत्या लाल कडेने भागत नाही. संदेश एरिया-डिस्क्राइब्डबायने गटाला जोडा आणि सबमिट झाल्यावर फोकस गटातल्या पहिल्या चेकबॉक्सवर न्या. ‘अटी मान्य’ टिक होईपर्यंत सबमिट बटण मरगळलेलं ठेवण्याची रीत मला अजिबात पटत नाही. डिसेबल्ड बटणावर टॅब थांबत नाही, ते का बंद आहे हेही सांगत नाही. माणूस फॉर्मच्या शेवटी पोचतो आणि पुढे काहीच नसतं. बटण चालू ठेवा, दाबलं की काय राहिलंय ते सांगा.

‘यापैकी काहीही नाही’ हा पर्याय लोक विसरतात. तो नसला तर रिकामा गट म्हणजे काही लागू नाही, की प्रश्न नजरेतून सुटला, हे कळायला मार्ग नाही. सर्व्हरलाही कळत नाही, कारण टिक नसलेला चेकबॉक्स फॉर्मबरोबर पाठवलाच जात नाही. ‘नाही’ असं उत्तर जात नाही, उत्तरच जात नाही. त्यामुळे सेटिंगच्या पानावर टिक काढून सेव्ह केलं तरी जुनंच मूल्य राहिलं, हा बग दर काही महिन्यांनी नव्याने जन्माला येतो. ‘काहीही नाही’ निवडल्यावर बाकीच्या टिका गुपचूप काढायच्या असतील तर ते लेबलमध्येच सूचित करा. स्क्रीन रीडरवर मागच्या टिका गेलेल्या ऐकू येत नाहीत.

कोडइतकीच, किंबहुना जास्त, गडबड शब्दांत असते आणि ती कुठलंही टूल पकडत नाही. ‘मला माहिती पाठवू नका’ याच्यापुढे टिक म्हणजे हो की नको? टिक म्हणजे होकार, एवढं एकच गणित लोकांच्या डोक्यात असतं. ते मोडू नका. ‘मी अटी मान्य करतो आणि ऑफर मिळवू इच्छितो’ हे दोन प्रश्न आहेत, त्यांना दोन चौकोन लागतात. आधीच टिक करून ठेवलेली संमती तर कायद्यातही टिकत नाही: युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात, कुकीजसाठी आधीच टिक केलेला चौकोन ही वैध संमती नव्हे, असं स्पष्ट केलं. कायदा सोडा, स्क्रीन मोठी करून वाचणारा किंवा एक्सने उड्या मारत जाणारा माणूस अशा टिकेवरून न कळता पुढे निघून जातो. म्हणजे ज्यांना ती टिक शोधणं अवघड, त्यांच्याच माथी ती जास्त बसते.

चेकबॉक्स की सरकतं स्विच, हा वाद फार ताणू नये. सेव्ह केल्यावर लागू होणार असेल तर चेकबॉक्स, दाबता क्षणी लागू होणार असेल तर स्विच. एकाच फॉर्मवर दोन्ही मिसळले की लोक सेव्ह न करताच निघून जातात.

‘सगळे निवडा’ची अर्धवट अवस्था, म्हणजे टिकेऐवजी आडवी रेघ, हीही नीट समजून घ्यावी. ती एचटीएमएलमध्ये लिहिता येत नाही, जावास्क्रिप्टमधून ‘इंडिटरमिनेट’ हा गुणधर्म लावावा लागतो. ती फक्त दाखवण्यापुरती असते. फॉर्ममध्ये जायचं ते मूल्य तिने बदलत नाही. मूळ इनपुटवर लावली तर स्क्रीन रीडरला आपोआप कळते. डिव्हवर एरिया-चेक्डला ‘मिक्स्ड’ द्यावं लागतं. ‘अपिअरन्स नन’ केलं असेल तर ही तिसरी अवस्थाही तुम्हालाच रंगवावी लागेल, आणि डिझाइनच्या फाइलीत ती हमखास नसते. आधीच मागून घ्या.

शोधाच्या पानावरचे फिल्टर हा वेगळाच त्रास. एक टिक केली की पान नव्याने लोड होतं आणि फोकस पानाच्या माथ्यावर जातो. कीबोर्डवाल्याला दुसऱ्या फिल्टरसाठी पुन्हा सगळी टॅबयात्रा. एक तर ‘लागू करा’ असं बटण द्या, नाहीतर यादी तेवढीच बदला, फोकस आहे तिथेच ठेवा आणि किती निकाल उरले ते लाइव्ह रीजनमधून, म्हणजे बदल झाला की स्क्रीन रीडर आपोआप वाचतो त्या भागातून, ऐकवा. मला पहिलं आवडतं, कारण मंद नेटवर्कवरही तेच बरं चालतं.

बारीकसारीक दोन गोष्टी. ‘रीडओन्ली’ चेकबॉक्सला लागू होत नाही. बदलू द्यायचं नसेल तर बहुधा तिथे चेकबॉक्स नकोच, साधा मजकूर लिहा. आणि फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावर आधीच्या टिका तशाच ठेवतो. जावास्क्रिप्टने वेगळी स्थिती गृहीत धरली असेल तर चौकोन एक म्हणतो आणि खालची बेरीज दुसरंच. पान उघडताना इनपुटकडूनच स्थिती वाचून घ्या.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी लपवलेला इनपुट ओपॅसिटीने जागेवर आणा आणि फोकसचं वलय दिसेल असं करा. मग दुहेरी आयडी आणि ओळीवरचा हँडलर. त्यानंतर फिल्डसेट आणि लेबलची भाषा. रंग शेवटी. तपासायला विंडोजवर फायरफॉक्स किंवा क्रोमसोबत एनव्हीडीए घ्या, तो मोफत आहे. आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक चालू करून बोट फिरवत चेकबॉक्स शोधा, पडदा बंद ठेवून. ज्या व्यक्तीने तक्रार कळवली तिला दुरुस्तीनंतर पुन्हा फॉर्म उघडायला सांगा. तिच्याकडचा स्क्रीन रीडर आणि ब्राउझर कोणता, कोणती आवृत्ती, हे आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे तीच जोडी तुम्हालाही लावून बघता येईल.